पियानोला तेल पाजणारे

मी आयुष्यात पुष्कळ रागावलो आहे. पेट्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरा इलाजच नसतो. लोक हार्मोनियमच्या भात्यात काय काय पाळतात ते मला विचारा. शिंदखेड्याच्या एका भजनी मंडळाच्या पेटीतून मी विंचू काढला होता. पिढ्यान्‌पिढ्या आत राहून तो असा तयार झाला होता की मला चावला तोसुद्धा काळी चारमध्ये. मी ओरडलो पांढरी पाचमध्ये. पण हे सगळे राग एका पारड्यात टाकले आणि दुसऱ्या पारड्यात धुळ्याच्या त्या पियानोचा राग टाकला, तर पहिलं पारडं छताला जाऊन लागेल. गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. मी अजून थंड झालेलो नाही.

माझं दुकान जळगावात, पिंप्राळ्याच्या बाजूला. येणारं काम पेट्यांचंच, पण भुसावळला रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात एक म्हातारा कारागीर पियानो बघायला यायचा, त्याच्या हाताखाली मी उमेदवारी केलेली. त्यामुळे तापी आणि पांझरेच्या मधल्या मुलखात पियानोचं पोट उघडणारा मी एकटाच. पियानो किती होते विचारू नका. वाघ जास्त असतील. पण होतो मी एकटाच, हे खरं.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील. दुकानात एक बाई आल्या. धुळ्याच्या एका कापसाच्या जिनवाल्यांची सून. पुढे मी त्यांना वहिनीच म्हणायला लागलो.

"तुम्ही पियानो उघडता?"

"उघडतो, मिटतो, वेळ पडली तर समजूतही काढतो."

"मग चला. आमचा मुका झालाय. पट्टी दाबली की खाली जाते, आणि वर यायचं नावच घेत नाही."

वहिनींचं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत कारकून. शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा, त्याच्या बायकोने या मुलीला लहानपणापासून पियानो शिकवला. ते कुटुंब पुढे कायमचं परदेशी निघालं, तेव्हा त्या बाईने पियानो कुणाला विकला नाही, हिच्या घरी ठेवून गेली. लग्नात तो सासरी आला, उभा पियानो, काळा, पितळी मेणबत्तीदाण्यांचा. मांडवातल्या लोकांनी त्याला कपाट समजून त्यावर आहेराची भांडी रचली म्हणतात. वहिनींच्या माहेरचं म्हणावं असं सासरच्या घरात तेवढं एकच होतं. साड्या विरतात, दागिने सासूच्या कपाटात जातात.

धुळ्याला एसटीने गेलो. घर जिनच्या आवारातच. पुढे जिन, मागे घर, मधे सरकीचे ढीग, आणि हवेत कापूस. मी खोटं सांगत नाही, त्या आवारात माणूस काळ्या केसांनी शिरायचा आणि म्हातारा होऊन बाहेर पडायचा. पियानो माडीखालच्या मोठ्या खोलीत होता. मी पुढची फळी काढली.

आत तेल होतं.

तेलाचा डाग असतो, ओशट बोट लागलेलं असतं, ते मी समजू शकतो. इथे ओघळ होते. प्रत्येक हातोडीच्या सांध्यात, प्रत्येक पट्टीच्या खिळ्यापाशी, तारांवर, लोकरीच्या नमद्यात, सगळीकडे काळं, घट्ट मशीनचं तेल. त्यावर बाहेरून आलेला कापूस बसलेला. त्यात हळद, कुंकू, तांदळाचे दाणे आणि झेंडूच्या पाकळ्या. कापूस आणि तेल एकत्र आले की काय होतं? वात होते. त्या पियानोच्या पोटात शेकडो वाती तयार होत्या. कुणी काडी लावली असती तर धुळ्याची दिवाळी नंदुरबारहून दिसली असती. तेल इतकं, की खाली परात ठेवली असती तर गल्लीतल्या सगळ्या घरांची शेव तळून निघाली असती.

"हे कुणी केलं?" मी इतक्या जोरात ओरडलो की जिन बंद पडली असं मला वाटलं. ती आधीच बंद होती, जेवणाची सुट्टी झाली होती.

"मी," मागून आवाज आला. जिनचा फिटर दारात उभा. अंगावर ग्रीसने चामड्यासारखी झालेली खाकी चड्डी, हातात लांब नळीची तेलाची बुधली, तोंडावर बापाचा अभिमान. "मी सोता पाजेल शे. एक बी सांधा कोरडा ऱ्हावू दिधा नही. भारी तेल शे भाऊ, जिनमा टाकतस तेच!"

"अरे पण पियानोला?"

"मंग? हालस ना तो?"

मला तेव्हा कळलं. त्या घरात खांडेनवमीला जिनमधल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. हंगाम दसऱ्यानंतर सुरू होणार, म्हणून त्याआधी प्रत्येक यंत्र पुसायचं, सांध्यासांध्यात तेल सोडायचं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. जिनचे रूळ, सरकीचा पंखा, वजनकाटा, पाण्याचा पंप, शिवणयंत्र, मोटारसायकल. आणि सून आल्यापासून पियानोसुद्धा. दरवर्षी. नेमाने. प्रेमाने! राग येतो तो या प्रेमाचाच. द्वेषाने कुणी तेल ओतलं असतं तर मी पोलिसात गेलो असतो.

मालक म्हणजे वहिनींचे सासरे. सगळं आवार त्यांना आबा म्हणायचं. धोतर, डोक्यावर टोपी, मिशीत कापूस. मी त्यांच्यापुढे जाऊन भाषण केलं. आबा, लोखंडाच्या यंत्राला तेल अन्न आहे, पण हे लाकडाचं आणि लोकरीचं यंत्र आहे. लाकडाला तेल पाजलं की ते फुगतं, सांधे आवळतात, म्हणून पट्टी वर येत नाही. लोकर भिजली की हातोडी तारेवर आपटत नाही, नुसती ओली थाप मारते. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जे हालस ते मशीन शे. अन् मशीनले तेल अन् पूजा व्हईच."

"पूजेला माझी ना नाही. तेलाला आहे."

"तुले काय माहीत?" आबांचा आवाज बदलला. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका वर्षी घरात सुतक होतं. यंत्रांची पूजा झाली नाही, तेलपाणी झालं नाही, तसाच हंगाम सुरू केला. पहिल्याच आठवड्यात एका मजुराचा हात रुळात गेला. कोपरापर्यंत. तो माणूस म्हातारा होऊन मेला तोवर जिनच्या फाटकावर बसून असायचा, आणि आबा रोज त्याच्यासमोरून आत जायचे. "पूजा नही करी तर मशीन माणूसले खाई टाकस," ते म्हणाले. "मन्ही सून त्या पट्टासवर हात ठेवस. तिन्हा हाताले काही व्हयनं म्हंजे?"

आता या माणसावर रागावायचं कसं? पण मी रागावलो. मी तयारीचा माणूस आहे.

"आणि वाजला नाही तर?" मी विचारलं.

"वाजना नही तर कपाट करी टाकू. लाकूड चांगलं शे."

हे ऐकताना वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पियानोच्या उघड्या पोटाकडे बघत राहिल्या.

मग मी ते काम केलं. धुळ्याला मुक्काम टाकून, घरी बायकोला मी दुसरा संसार मांडला असा संशय येईपर्यंत केलं. पट्ट्या एकेक उचलून मागे खडूने आकडे घातले. खालून उंदराचं घर निघालं. अस्सल लोकरीच्या गाद्या, कापसाचे लोड, तेलाची सोय. धुळ्यात त्या काळी एवढं सुखी दुसरं कुणी नव्हतं. हातोड्यांची अख्खी चौकट बाहेर काढली, सांधे पांढऱ्या पेट्रोलने थेंबाथेंबाने धुतले. तेव्हा फिटर बिडी ओढत बघायला आला! मी त्याला आवाराच्या फाटकापर्यंत पळवत नेलं. भिजलेल्या लोकरीवर टिपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री धरायची, कागद काळा झाला की दुसरा. धुळ्यातल्या शाळांना त्या वर्षी टिपकागद मिळाला नसेल. मग सांध्यांना शंखजिऱ्याची पूड. तारांवरचा गंज कोरड्या फडक्याने. पट्ट्यांवरचा हस्तिदंत ओल्या-कोरड्या मऊ कापडाने, एकाच दिशेने, लहान मुलाचं तोंड पुसल्यासारखा.

आणि मग मी वरच्या फळीशी आलो आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. तारा ज्या लोखंडी खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या खुंट्या एका जाड लाकडी फळीत ठोकलेल्या असतात. फळी त्यांना आवळून धरते म्हणून तार ताणलेली राहते. फिटरच्या बुधलीची धार त्या खुंट्यांच्या अगदी काठापर्यंत आली होती. काही खुंट्यांच्या मुळाशी लाकूड काळं पडायला लागलं होतं.

मी वहिनींना बोलावून दाखवलं. "हे बघा. हातोड्या मी धुऊन काढल्या. पण तेल या फळीत मुरलं, तर खुंट्या सैल होतील आणि तार धरणारच नाही. आज लावली, उद्या उतरली. मग ना मी काही करू शकतो, ना मला शिकवणारा. अजून एक खांडेनवमी, की मग आबांचं कपाट."

"अजून एकच?"

"एकच."

त्यांनी बोट लावून ते काळं लाकूड चाचपलं. मग म्हणाल्या, "पूजा मी थांबवू शकत नाही. घरात सगळ्यांना वाटेल मी अशुभ बोलतेय. आणि कुणाच्या हाताला काही झालं, तर ते माझ्यावर येईल."

पट्ट्या परत बसवल्या, तारा लावल्या आणि पियानो बोलायला लागला. आवाज जुना, जरा घोगरा, पण खणखणीत. वहिनी वाजवायच्या तेव्हा आवारातले मजूर खिडकीशी जमायचे, आणि आबा ऐकत नसल्याचं दाखवत हिशेब सोडून बसायचे. मी जाताना देखभालीचे सगळे नियम सांगितले. कूलरचं तोंड इकडे करायचं नाही, पाण्याचा फवारा तारांना गंजवतो. मे महिन्यात मात्र आत खालच्या कप्प्यात पाण्याचा उघडा लोटा ठेवायचा, कारण धुळ्याचं ऊन असं की माणूस आपली सावली घरात ठेवून बाहेर पडतो, तिथे लाकडाची काय कथा, तडकतं. डांबरगोळ्या कोपऱ्यात, तारांपासून लांब. वर फुलदाणी नाही, लोणच्याची बरणी नाही, आणि तेल नाही. तेल नाही! हे मी आबांना सांगितलं, फिटरला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, फाटकावरच्या म्हशीला सांगितलं. त्या वर्षात मी चारदा धुळ्याला गेलो आणि चारही वेळा ओरडलो. फिटर प्रत्येक वेळी मान डोलावून म्हणायचा, "बरं, बरं." तो ज्या पद्धतीने "बरं" म्हणायचा, त्यावरूनच माझा रक्तदाब चढायचा.

दसरा जवळ आला तसा मी हत्यारांची पिशवी घेऊन खांडेनवमीच्या सकाळीच तिथे हजर झालो. सूर बघायला आलो म्हणालो. आलो होतो पहाऱ्याला.

आवार धुतलेलं, यंत्रं लखलखीत, झेंडूचे ढीग. स्वयंपाकघरात खापरावर मांडे पडत होते, त्यांचा वास असा की पंप सुद्धा आपोआप सुरू झाला असता. पूजा जिनपासून सुरू झाली. पुढे आबा, हातात ताट, मागे फिटर बुधली घेऊन, त्याच्या मागे सगळे मजूर. रूळ झाले, पंखा झाला, काटा झाला. मग मिरवणूक घरात शिरली आणि पियानोसमोर आली. मी आडवा उभा राहिलो.

"आबा, वर्षभर सांगतोय."

"सरक रे," आबा म्हणाले. "सणाना दिवशी आडवा नको होऊ."

"हळदकुंकू लावा, माळ घाला, हवं तर मलाही लावा. पण ती बुधली बाहेर ठेवा!"

"निस्ता दोन थेंब," फिटर मला समजावत म्हणाला. "आमाले बी दोष नको लागाले."

मी जे बोललो ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. माझ्या आवाजाने तारा आतल्या आत झणझणल्या, एवढं सांगतो. मजूर हसायला लागले. आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फिटरला मानेने खूण केली, आणि फिटरने मला बाजूला करून पियानोची फळी वर उचलली.

वहिनी कधी पुढे आल्या मला कळलं नाही. त्यांनी फिटरच्या हातून बुधली घेतली. हिसकावली नाही, मागितल्यासारखी घेतली, आणि त्यानेही दिली, कारण त्याला वाटलं सूनबाई स्वतःच्या हाताने पूजा करणार. मग त्या वळल्या आणि सरळ बाहेर पडल्या. पदर खोचलेला, बुधलीची नळी पुढे, आवार ओलांडून थेट जिनमध्ये. आम्ही सगळे मागे. आबांच्या हातात अजून ताट, त्यातला दिवा विझलेला.

जिनमध्ये मोठ्या इंजिनापासून रुळांपर्यंत चामड्याचा रुंद पट्टा जातो. त्याच्यावर सगळी जिन चालते. वहिनी त्या पट्ट्याजवळ उभ्या राहिल्या आणि बुधली त्याच्यावर वाकडी केली.

"वहिनी!" फिटर किंचाळला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पट्टाले तेल नका! पट्टाले तेल नका! सटकी जाई!"

"का?" वहिनी म्हणाल्या. "हालतो ना हा?"

"हालस, पन पट्टा पकड करस! तेल लागनं का पकड जास! कोन्हा हात..." आणि फिटर थांबला.

"आता त्या खुंट्यांचं बोल," वहिनी म्हणाल्या. "त्याही पकडच धरतात. लाकडाने धरलेल्या आहेत. तू दरवर्षी माझ्या पट्ट्याला तेल पाजतोस."

फिटर पट्ट्याकडे बघत होता, मग घराकडे बघत होता, मग परत पट्ट्याकडे. बुधलीच्या नळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता आणि सगळं आवार त्या थेंबाकडे बघत होतं. वहिनींनी बुधली अजून वाकडीच धरली होती. त्या एवढ्या रागात होत्या, हे मला त्या वर्षभरात एकदाही दिसलं नव्हतं. मला वाटायचं, रागावण्याचं खातं माझ्याकडे आहे.

फिटरने पुढे होऊन थेंबाखाली स्वतःचा तळहात धरला. मग हळूच बुधली सरळ केली आणि स्वतःकडे घेतली. "आबा," तो म्हणाला, "त्याले तेल नही चालाव. मी सांगस. दोष लागना तर माले लागो."

सगळ्या मजुरांसमोर, सणाच्या दिवशी, सुनेने पूजा अडवली होती. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं. आबा सुनेला सोडून माझ्याकडे वळले. "हाई बठ्ठं तुन्हंच शिकाडेल शे," ते म्हणाले. "नीघ आठेतून!"

मी! मी काय शिकवलं होतं? जिनचा पट्टा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. पण मला पिशवीसकट फाटकाबाहेर काढण्यात आलं. खांडेनवमीला, मांडे तयार असताना, उपाशी! मी स्टँडवर पोचलो आणि एक भजं घेतलं, ते असं होतं की अजून पोटात आहे. तेवढ्यात फिटर सायकल मारत आला. मला वाटलं, माफी मागायला आला. तो आला होता भांडायला.

"मंग पहिले काबर नही सांगं?" तो सायकलवरूनच ओरडला. "पट्टासारखं शे, हाई एक शब्द नही बोलनात!"

"मी वर्षभर ओरडतोय!"

"तुम्ही निस्ता बोंबलनात," तो म्हणाला आणि सायकल वळवून निघून गेला.

सगळं स्टँड माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्यामागे धावलो नाही, एवढाच माझा मोठेपणा.

पियानोच्या पोटात पुन्हा तेल गेलं नाही. खुंट्या धरून राहिल्या. आबा पुढच्या वर्षीपासून बाहेरूनच कुंकू लावायचे, झाकणाच्या काठाला, आणि माळ पितळी मेणबत्तीदाण्यांना अडकवायचे. सुनेशी त्यांनी बरेच दिवस जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं ठेवलं, पण त्या वाजवायला बसल्या की हिशेब मात्र पुन्हा बंद व्हायचे. मला त्यांनी निरोप पाठवून परत बोलावलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

पण माझा राग गेला, असं समजू नका. वाढला. कारण त्या दिवसापासून फिटर त्या पियानोचा कोतवाल झाला. दारात पायरीवर बसायचा आणि येईल त्याला विचारायचा, तेलकट काही खाल्लं का. सासूबाईंना वडे तळून झाल्यावर त्या खोलीत यायची बंदी. आबांना मिशीला लावलेलं तेल पुसून मगच प्रवेश. आणि मी, ज्याने त्या पियानोचं पोट साफ केलं, ज्याच्या नखांत अजून ते तेल असेल, तो मी पुढच्या खेपेला हत्यारं घेऊन गेलो, तर त्याने मला उंबऱ्यावरच अडवलं.

"हात दाखाडा."

मी दाखवले. त्याने उलटेपालटे करून पाहिले. मग मान वर करून माझ्या डोक्याकडे बघितलं. "डोकाले तेल लायेल शे."

"अरे, मी पियानो डोक्याने उघडतो का?"

"वाकसात ना आतमा," तो म्हणाला, आणि त्याने मला आवारातल्या नळावर नेऊन कपडे धुवायच्या साबणाने माझं डोकं धुवायला लावलं. सगळे मजूर बघत होते. वहिनी खिडकीत उभ्या राहून हसत होत्या, आणि आत जाऊन मी पट्ट्या पुसायला घेतल्या तेव्हा तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "भाऊ, एकच दिशाले पुसा."